ओ न देणारी सून

मला बहिरी ठरवलं होतं, बरं का. मला! आज या वयातसुद्धा शेजारच्या बंगल्यात कपात साखर ढवळली तरी मला कळतं, आणि तेव्हा लग्नाला सहा महिने व्हायच्या आत साऱ्या तुंगार्लीनं माझ्या कानांवर पाणी सोडलं होतं. हसू नका. माझा संसार मोडायला आला होता.

माझं माहेर आंबीचं, शेतकऱ्याचं घर. पण पुढचा सगळा जन्म लोणावळ्याजवळ तुंगार्लीत बंगलेवाल्यांच्या शेजारी गेला, म्हणून माझी भाषा अशी धुतलेली वाटते. राग आला की आंबी बाहेर येते. आणि राग मला येतो, सांगून ठेवते.

ही गोष्ट इंग्रज-जर्मनांची मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. आई लवकर गेली, धाकट्या भावंडांचं बघायला मी घरी राहिले, आणि लग्नाला उभी राहिले तेव्हा चांगली अठरा वर्षांची घोडी झाले होते. नवरा हौशीराम, तुंगार्लीतल्या एका मोठ्या बंगल्यावर माळी. सासरे नव्हते. घरात एक सासू, बयाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. उंच, ताठ, आणि आवाज असा खणखणीत की त्यांनी अंगणातून हाक मारली तर तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका मान वर करायच्या. सगळ्या बायका. मी सोडून.

त्याचं असं झालं. मी माप ओलांडून घरात आले, अजून हळद ओली होती, आणि आत्याबाई माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "आजपास्नं मुक्ता न्हाई. आजपास्नं तू कस्तुरा." कस्तुरा हे त्यांच्या आईचं नाव. म्हातारी आदल्याच वर्षी गेली होती. नाव घेताना आत्याबाईंचे डोळे भरून आले. सगळ्या बायका म्हणाल्या, किती गोड नाव. मी मात्र मान खाली घातली.

कारण आमच्या आंबीच्या गोठ्यात कस्तुरा होतीच. म्हैस.

साधीसुधी नव्हे, नंबरी आडमुठी म्हैस. माझं सारं लहानपण त्या नावाच्या आरडाओरड्यात गेलं. कस्तुरे, मागं सर! कस्तुरे, पाय काढ! कस्तुरे, मेले, सगळी बादली लवंडलीस की! आमच्या घरात 'कस्तुरे' असं कोणी ओरडलं, की पोरींनी समजायचं, आपल्यावर नाही, तिच्यावर चाललंय, आपण आपलं काम करावं. आता हे नव्या नवरीनं सासूला कुठल्या तोंडानं सांगायचं? आत्याबाई, तुमच्या आईचं नाव आमच्या म्हशीचं आहे? मी तोंड शिवून बसले. म्हटलं, नावच आहे, होईल सवय.

झाली नाही. देवाशपथ सांगते, मी मुद्दाम करत नव्हते. समोर बसून कोणी कस्तुरा म्हटलं तर मी निमूट मान डोलवायची. पण हात कामात असला, डोकं कुठं रमलेलं असलं, आणि मागून हाक आली की संपलं. आवाज यायचा, मला ऐकूही यायचा, पण तो माझ्यासाठी नसायचाच. चुलीवर दूध उतू जायचं, आत्याबाई अंगणातून ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायच्या, आणि मी शेजारी बसून सुखानं शेंगा सोलत असायचे.

त्यात माझ्या नवऱ्यानं भर घातली. बायकोचं नाव घ्यायची त्याला लाज, म्हणून तो फक्त "अगं" म्हणायचा. तेही फाटकापाशी उभं राहून, चोरट्या आवाजात. आणि मी टुणकन उठायचे! आत्याबाईंचा तिळपापड व्हायचा. "नवऱ्याचं बरं ऐकू येतंय भवानीला!"

मग सुरू झाले उपाय. लसणीचं तेल कढवून कानात घातलं. अंगारा लावला. एकदा मी भाकऱ्या थापत असताना आत्याबाईंनी माझ्या मागं पितळेची परात आपटली. मी अशी दचकले की भाकरी तव्याऐवजी राखेत. "परातीचं ऐकू येतं," आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, "मानसाचं न्हाई." शेजारणीनं डोळे मोठे केले. संध्याकाळपर्यंत ही बातमी लोणावळ्याच्या बाजारात पोचली होती.

शेवटचा घोळ तळ्यावर झाला. मी उताराकडं पाठ करून दगडावर धुणं बडवत होते आणि वरच्या उतारावरून कुणाची तरी म्हैस दावं तोडून सरळ माझ्या अंगावर येत होती. आत्याबाईंनी ओरडून आभाळ डोक्यावर घेतलं, "कस्तुरे, सरक! कस्तुरे, सरक!" आता तुम्हीच सांगा. मागं म्हशीचे खूर वाजताहेत, आणि कोणी तरी कस्तुरे सरक म्हणतंय. मला वाटलं, म्हशीलाच म्हणताहेत. मी धुणं बडवतच राहिले. शेवटी आत्याबाई धावत आल्या, मला धक्का मारून बाजूला ढकललं, आणि स्वतः तोल जाऊन लुगड्यासकट पाण्यात बसल्या. म्हैस मात्र शहाणी, बाजूनं निघून गेली.

पाण्यातून उठून त्यांनी जो निकाल दिला तो सगळ्या घाटानं ऐकला. बहिरी असेल तर माझ्या बापानं फसवलं. बहिरी नसेल तर मी उर्मट. दोन्हीकडून मी माहेरी. दूध उतू गेलं ते राहू दे, पोरगी अंगावर म्हैस येताना सरकत नाही, उद्या कडेवर लेकरू असताना काय करील? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. माझ्या बापाला, दत्तोबाला, निरोप गेला: रविवारी या आणि लेक घेऊन जा. हौशीरामनं एकदा तोंड उघडून पाहिलं. आईनं नुसतं बघितलं, त्यानं मिटलं. मी रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले. मला तो माणूस आवडायला लागला होता हो. त्याचं ते चोरटं "अगं" सुद्धा.

आता लीलाबाईंचं सांगते. हौशीराम ज्या बंगल्यावर माळी होता, तो त्या थंडीत पुण्याच्या एका बाईंनी भाड्यानं घेतला होता. विलायतेहून शिकून आलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या, पाचवारी पातळ आणि पायात बूट. बरोबर गाडीभर यंत्रं. त्यांना शांत जागा हवी होती, आणि हवी होती तरणीताठी, कान धड असलेली माणसं. कशासाठी? तर म्हणे, आवाज कानात शिरल्यापासून डोक्याला तो कळून बोट हलेपर्यंत किती वेळ जातो, ते मोजायचं.

"कान म्हणजे नुसतं दार," त्या हौशीरामला म्हणाल्या होत्या. "दार ठोठावलेलं सगळ्यांना ऐकू येतं. आतला माणूस उठून कडी काढायला किती वेळ लावतो, ते मला पाहायचंय."

हौशीराम आळीतली पोरंपोरी गोळा करून न्यायचा आणि बाई प्रत्येकाला गुडदाणीचा, म्हणजे शेंगदाण्याच्या चिक्कीचा, पुडा द्यायच्या, म्हणून गर्दीला तोटा नव्हता. आमच्या गल्लीतला नथू स्टेशनवर हमाल होता. त्याचं बोट आवाज व्हायच्या आधीच पडायचं. बाई वैतागल्या. नथू म्हणाला, "बाई, गाडी थांबल्यावर धावलो तर वजं दुसराच उचलतो." त्याला गुडदाणी देऊन घालवून दिलं.

रविवारी सकाळी हौशीराम धीर करून आईला म्हणाला, "आये, पाव्हनं यायच्या आधी बाईंकडनं हिचं कान तरी बघून घेऊ. बाई शिकलेली हाय. ती म्हनंल ते खरं." आत्याबाईंना ते पटलं. शिकलेल्या बाईनं बहिरी म्हटलं म्हणजे उद्या आंबीकरांना बोलायला जागा नाही. आम्ही तिघं घराला कडी घालून बंगल्यावर गेलो.

लीलाबाईंनी विचारलं, "नाव काय गं तुझं?" मी सवयीनं म्हटलं, "मुक्ता," आणि जीभ चावली. "कस्तुरा." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग आत्याबाईंकडे, आणि दोन्ही नावं वहीत लिहून घेतली.

मला खुर्चीत बसवलं. कानात डॉक्टरांच्या असतात तशा रबरी नळ्या. समोर टेबलावर एक कळ, तिच्यावर माझं बोट. कळ दाबली की छोटा दिवा लागायचा आणि पलीकडं एक पितळी घड्याळ थांबायचं. त्या घड्याळाचा काटा असा भिरभिरायचा की बघून मला गरगरलं. आधी नुसते ठोके. ठक झालं की दाब. मी दाबत गेले. बाईंच्या भुवया वर वर चढायला लागल्या.

"हिचा कान उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "आणि बोट आजवर आलेल्या सगळ्यांत चपळ."

मी सुटकेचा श्वास सोडला, आणि आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हंजी ऐकू येतं! येतं आन ही सटवी बसून ऱ्हाती!"

"थांबा बयाबाई, अजून निम्मंच झालंय," लीलाबाई म्हणाल्या. दुसऱ्या निम्म्यासाठी त्यांनी माझ्यापुढं सुपात तांदूळ ठेवले. डाव्या हातानं खडे काढायचे. डाव्या कानाच्या नळीत ग्रामोफोन लावला, त्याच्यावर कुठल्याशा नवराबायकोचं कडाक्याचं भांडण. आणि उजव्या कानात, आतल्या खोलीचं काचेचं दार लावून, नरसाळ्यातून बाई एकेक बायकांची नावं घेणार. सगळ्यांना त्या एकच ठरलेली यादी वाचायच्या, फक्त बसणाऱ्याचं नाव तीत घालून. आपलं नाव आलं की कळ दाबायची. डोकं दुसरीकडं गुंतलेलं असताना आपलं नाव किती लवकर सापडतं, हे त्यांना बघायचं होतं. आजच्या नावांत त्यांनी माझी दोन्ही घातली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

मी खडे काढायला लागले. भांडण भलतंच रंगलं होतं, त्या बायकोनं नवऱ्याचं धोतर लपवलं होतं. उजव्या कानात नावं येत होती, जात होती. माझ्या बोटानं मध्येच कळ दाबली. पुन्हा एकदा दाबली. मला वाटलं, छान चाललंय.

दार उघडून बाई बाहेर आल्या. "मुक्ता म्हटलं की प्रत्येक वेळी दिवा. कस्तुरा कितीदा म्हटलं, एकदाही नाही."

"मी आपलं नाव दाबलं," मी म्हटलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"बयाबाई, ही बहिरी नाही आणि उर्मटही नाही," बाई समजावायला लागल्या. "आवाज आत जातो. पण आत कोणी तरी ठरवतं, हा आपला नव्हे. हिनं ठरवलेलं नाही, हिच्या मेंदूनं ठरवलंय."

"ह्याला काय म्हनत्यात?"

"त्याला अजून नाव पडलेलं नाही," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

झालं! आत्याबाईंचा पारा चढला. "नाव न्हाई त्याला मी देते. माज म्हनत्यात त्याला. नाव बदलून काय ही येकलीच आली का सासरी? आमी न्हाई आलो? माज्या आईचं सोन्यासारखं नाव दिलं हिला, ते हिला जड झालं!"

आणि मला राग आला. सहा महिन्यांचं तेल, अंगारा, परात, सगळं एकदम वर आलं.

"सोन्यासारखं असंल!" मी ओरडले. "पर आमच्या म्हशीचं हाय ते! जन्मापास्नं त्या नावानं म्हशीला शिव्या दिल्यात आमी, आता त्याच नावाला मी ओ कशी देऊ?"

ग्रामोफोनवरची बायको तेवढी अजून धोतरावरून भांडत होती. हौशीराम जमिनीकडं बघत होता. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते. आणि व्हरांड्यात कोणी तरी खोकलं. माझे वडील! आमच्या घराला कडी बघून ते विचारत विचारत बंगल्यावर आले होते, आणि वालाच्या शेंगांचं गाठोडं मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. मग आवाज आला, अगदी हळू. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "पाव्हनं आल्यात. आजच जाईल ही." दाराकडं दोन पावलं टाकून त्या वळल्या. हरून जायची त्यांना सवय नव्हती. "पर त्या आधी मला बसवा बाई त्या खुर्चीत. सासरला आलेल्या बाईनं नाव कसं घ्यायचं असतं, ते हिला बघू द्या, हिच्या बापालाबी बघू द्या."

"मी तरुणांचंच मोजते," बाई म्हणाल्या, पण खुर्ची पुढं ओढली.

आत्याबाई बसल्या. नळ्या लावल्या, सूप ओढलं, आणि खडे असे भराभर वेचायला लागल्या की सूपच घाबरलं असेल. आतून बाईंचा आवाज आम्हाला लांबून ऐकू येत होता. रतन. नंदा. लीला. बया. दिवा लागला! आत्याबाईंनी माझ्याकडं एक नजर टाकली. कस्तुरा. त्यांचं बोट जरासं थरथरलं, पण खाली गेलं नाही. रखमा. बया. दिवा. मुक्ता. शालू.

दिवा लागला.

लागला तो लागलाच. बोट कळीवरून उठेना. डाव्या हातातले खडे परत तांदळात पडले.

"आये, चुकलीस," हौशीराम म्हणाला. "तुजं नाव न्हाई ते."

लीलाबाई दार उघडून घड्याळापाशी गेल्या, वाकून काटा बघितला. "बया म्हटल्यावर जेवढा वेळ लागला त्याच्या निम्मासुद्धा लागला नाही," त्या म्हणाल्या. "चुकायला एवढी घाई नसते. बयाबाई, शालू कोण?"

"मी," आत्याबाई म्हणाल्या.

हौशीराम आईकडं बघतच राहिला. पंचविशीचा बाप्या, त्याला आपल्या आईचं नाव माहीत नव्हतं.

"लगीन झालं तवा दुधाचं दात बी पुरं पडलं नव्हतं माजं," आत्याबाई सुपाकडं बघून बोलत होत्या. "दारातच म्हनले, आता बया म्हनायचं. म्हनायला लागले. म्हायेरला गेले की आई तेवढी म्हनायची शालू. येकटी तीच. ती गेली, मग कुनी न्हाई." त्यांनी सुपातले तांदूळ उगाच सारखे केले. मग नळ्या न काढता मान वर केली. "बाई, परत म्हना की."

लीलाबाई वळल्या. आत गेल्या, दार लावलं, आणि नरसाळ्यातून म्हणाल्या, "शालू."

आत्याबाईंनी कळ दाबली नाही. डोळे मिटून बसल्या होत्या.

"आनखी येकदा."

"शालू."

मला हुंदका आला. लपवून काय करू, आला. या बाईनं मला कानात तेल घालून छळलं होतं, आणि त्या घटकेला मला वाटलं, जाऊन तिला पोटाशी धरावं. धाडस झालं नाही. मी कोपऱ्यात उभी राहून पदरात नाक पुसलं, आणि हौशीराम खिडकीबाहेर तोंड करून आपल्याच झाडांची पानं मोजल्यासारखं करत होता.

बऱ्याच वेळानं आत्याबाईंनी नळ्या काढून टेबलावर ठेवल्या, पदर नीट केला आणि व्हरांड्यात गेल्या. माझे वडील धडपडत उठले. मुंडासं हातात, मान खाली. मी आतच थांबले होते, भिंतीआड. मला वाटलं, आता गाठोडं बांधायला सांगतील.

"पाव्हनं," आत्याबाई म्हणाल्या, "लेकीला हाक मारा."

वडिलांना कळेना. "आं?"

"मारा की हाक. तुमी मारता तशी."

"मुक्ते," वडील म्हणाले.

"ओ!" मी आतून म्हटलं.

आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवले. मग त्यांनी त्या खणखणीत आवाजात, तळ्यापलीकडं जाईल अशी हाक दिली, "मुक्ते!"

"आले, आत्याबाई!" आणि मी दारात उभी होते. कधी पोचले ते मलाच कळलं नाही.

आत्याबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, जणू मी आत्ताच माप ओलांडून आले होते. मग वडिलांच्या हातातलं शेंगांचं गाठोडं घेऊन माझ्याकडं दिलं.

"ऐकू येतंय पोरीला," त्या वडिलांना म्हणाल्या. "जेवून जावा. येकलेच जावा."